चौदावा परिच्छेद

लिएपायाच्या वाचनालयात गुरुवारचे सहा वाजलेत,
काळोख मात्र साडेतीनलाच येऊन बसलाय.
मी विल्निसांच्या कानांवर हेडफोन चढवते.
मोठे, थंड कान, समुद्रावरून चालत आलेले.
घरी त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही,
म्हणून ऑनलाइन कार्यशाळेला ते इथे येतात,
माझ्या शेजारच्या खुर्चीत, ओल्या कोटासकट.

पडद्यावर अकरा चौकोन.
झाने रीगाहून बोलते. मागच्या खेपेला तिने सांगितलं होतं,
मुक्त म्हणजे फुकट नव्हे,
आणि फुकट ते पौष्टिक तर मुळीच नव्हे.
आज मी काही शिकवणार नाही, म्हणते.
आज एक करार वाचायचा, मोठ्याने, अख्खा.
बाळाच्या खोलीत ठेवायच्या बोलक्या दिव्याचा.
एकतीस परिच्छेद, एकेकाने एकेक.

पूर्वी अंगठा उठवायचा तो,
ज्याला वाचता येत नसे.

सार्मीते, बेकरीवाली, तिसरा वाचते; तिला पहाटे तीनला उठायचंय.
आइवार्स बस चालवतो. तो स्वयंपाकघरातून हळू आवाजात वाचतो,
पलीकडे बाळ झोपलंय.
‘तृतीय पक्ष’ला अडखळतो.
‘हा तिसरा कोण?
आमच्या घरात तिसरं म्हणजे बाळ.’
सातव्याशी दोन चौकोन काळे होतात.

चौदावा विल्निसांचा.
‘सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी
आवाजाचे काही नमुने ऐकले जाऊ शकतात.’
ते थांबतात. बोट त्या ओळीवर परत फिरवतात.
ऐकले जाऊ शकतात.
कर्म आहे, क्रियापद आहे.
मग कागद खाली ठेवून म्हणतात,
‘कर्ता मी होतो.’

एकाहत्तर ते चौऱ्याऐंशी. टेलिफोन एक्स्चेंज, दुसरा मजला.
काही नंबरांना एक जादा तार असे.
माझं काम तार जोडायचं, ऐकायचं नव्हे,
पण रात्रपाळी लांब असते.
एक बाई रोज बहिणीला विचारायची,
आज मासे कसे दिले?
वरचे मला विचारायचे, मासे म्हणजे काय रे?
मी म्हणायचो, ठाऊक नाही.
ठाऊक होतं.
मासे म्हणजे मासेच.

पडद्यावर झाने कानाला हात लावून खुणावते:
माइक बंद आहे.
दहा चेहरे त्यांचे हलणारे ओठ बघताहेत,
आवाज एकट्या माझ्यापाशी.

माझा हात माउसवर. एक टिचकी पुरे.
कपाटात आमचा जुना सर्व्हर घुरघुरतो.
त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून बघावं,
इथलं काहीही साठवलं जात नाही,
असं आम्ही कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलंय.
माझ्यावर काय लिहिलंय?

मी त्यांचा एक कान मोकळा करते.
‘चालू करू?’

ते माझ्याकडे बघत राहतात.
चश्मा कोटाच्या बाहीने पुसतात, तो आणखी ओला होतो.
‘चौदावा वाचतो फक्त,’ म्हणतात.
‘माशांचं आधी त्या बाईला सांगायला हवं.
असलीच तर.’
मग विचारतात, बटण कुठे.
मी दाखवते. ते स्वतः दाबतात,
दोनदा दाबतात, माइक परत बंद होतो,
मग पुन्हा एकदा.

एकतीसाव्यापर्यंत आम्ही पाचजण उरतो.
झाने विचारते, आता सांगा, घ्याल हा दिवा?
सार्मीते कधीच बसल्या जागी झोपलीय.
विल्निस मान हलवतात.
आइवार्स बोलत नाही.
नुसता बाजूला सरकतो,
आणि त्याच्या मागच्या उघड्या दारातून आम्हाला दिसतो
पाळण्याशेजारी
एक छोटा हिरवा उजेड,
संध्याकाळभर लागलेला.